गॅस गिझरवर 'ई-१' दिसला तर: कोड वाचायचा कसा, घरी काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

थंडीत सकाळी नळ सोडायचा, गिझर टिक-टिक-टिक करून गप्प व्हायचा आणि छोट्या पडद्यावर 'ई-१' लुकलुकायला लागायचं. मग घरातून दोन सल्ले येतात: 'सेल बदल' आणि 'मिस्त्रीला फोन लाव'. दोन्ही कधी ना कधी बरोबरच ठरतात, पण कुठला कधी हे कळलं नाही तर चांगलं किट (गिझर पेटवणारी आतली इलेक्ट्रॉनिक डबी) बदललं जातं आणि गिझर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच दाखवतो.

मुळात कोड म्हणजे बिघडलेल्या पार्टचं नाव नव्हे. गिझर पेटताना ठरलेल्या क्रमाने चार-पाच गोष्टी तपासतो आणि त्यातल्या ज्या पायरीवर अडला तिचा नंबर दाखवतो. त्या पायरीवर का अडला, हे आपल्याला शोधायचं असतं. खालचं सगळं सिलिंडरवर चालणाऱ्या, मिनिटाला साधारण ६ लिटरच्या, सेलवर पेटणाऱ्या घरगुती गिझरबद्दल आहे. कोल्हापुरात पेठेतल्या जुन्या घरापासून कळंब्याच्या नव्या फ्लॅटपर्यंत बहुतेक ठिकाणी हाच असतो.

१. कोड बघण्याआधी नाक आणि डोकं

गॅसचा वास येत असेल तर कोड बाजूला ठेवा. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे उभं राहून वास आला नाही म्हणजे गळती नाही असं समजू नका. गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालतो. घराबाहेर येऊन फोन करा.

अंघोळ करताना डोकं जड होणं, मळमळणं, पाय गळणं यापैकी काही झालं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि तो गिझर दुरुस्त होईपर्यंत लावू नका. त्रास कमी होत नसेल तर १०८ ला फोन करा. बंबाचा धूर डोळ्यांत जायचा, माणूस आपोआप दार उघडायचा. गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. गिझर बाथरूमच्या आत असेल तर कुठलाही कोड नसला तरी तो चुकीच्या जागी आहे. धुण्याच्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, वरून पाऊस लागणार नाही असा बसवून पाणी तेवढं पाइपने आत आणा. 'आमच्या बाथरूमला खिडकी आहे' हे उत्तर पुरत नाही, कारण थंडीत ती खिडकी कुणी उघडत नाही.

२. गिझर पेटतो कसा

हा क्रम एकदा डोक्यात बसला की निम्मे कोड पाठ करायची गरज उरत नाही.

नळ सोडल्यावर गिझरमधून पाणी वाहतं. पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, ढकलला जातो. तो एक पिन ढकलतो आणि पिन मायक्रोस्विच, म्हणजे आतलं छोटं बटण, दाबते. मग किट जागं होतं, स्पार्क द्यायला लागतं आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी गॅसची झडप, गॅसची वाट उघडते. ज्योत पेटली की बर्नरवर डोकावणारी सेन्सर पिन ती ओळखते. काही सेकंदांत ज्योत ओळखली नाही, तर किट गॅस बंद करतं आणि कोड दाखवतं. पुढे गिझर चालू असेपर्यंत तांब्याच्या कॉइलवरचा, म्हणजे पाणी जिच्यातून वाहत तापतं त्या नळीवरचा, तापमानाचा सेन्सर लक्ष ठेवतो.

थोडक्यात पाणी, सेल, स्पार्क, गॅस, ज्योतीची ओळख आणि शेवटी तापमान. तपासणीही याच क्रमाने करायची. मिस्त्रीकडून होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेवटच्या टोकापासून सुरुवात करणं.

३. हाताशी काय ठेवायचं

गिझरची पुस्तिका, बिल आणि वॉरंटी कार्ड. पुस्तिका हरवली असेल तर गिझरच्या बाजूला चिकटवलेल्या लेबलचा फोटो काढून ठेवा. मॉडेल नंबर, गॅसचा प्रकार आणि दाब तिथेच असतो. सिलिंडरच्या गिझरवर ३० मिलिबारच्या आसपासचा आकडा आणि एलपीजी लिहिलेलं असतं. आयएस १५५५८ हा अशा गिझरसाठीचा भारतीय मानक क्रमांक आहे, तो असलेला बरा. इमारतीत पाइपगॅस आला म्हणून जुना सिलिंडरचा गिझर तसाच जोडायचा नसतो, कारण त्याचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं, वेगळे असतात.

सामान फारसं लागत नाही: डी साइजचे दोन नवे अल्कलाइन सेल (दुकानात 'मोठे सेल' म्हटलं की देतात), शून्य नंबरचा पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, स्क्रू ड्रायव्हर, साबणाचं पाणी, १० लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ. मल्टिमीटर असला तर उत्तम.

४. कोड आहे की तापमान?

पडद्यावर ३८, ४२, ४५ असे नुसते आकडे दिसतात ते पाण्याचं तापमान. कोडच्या आधी बहुधा इंग्रजी 'ई' असतो.

आता सापळा. 'ई-१' म्हणजे ज्योत पेटली नाही किंवा ओळखली गेली नाही, हे बहुतेक मॉडेलमध्ये सारखं असतं. त्यापुढे मात्र एकवाक्यता नाही. एका कंपनीचा 'ई-३' जास्त तापल्याचा, तर दुसरीचा तोच नंबर भलत्याच गोष्टीचा. त्यामुळे शेजाऱ्याच्या गिझरचा किंवा मोबाइलवर सापडलेला तक्ता आपल्या गिझरला लावू नका. पुस्तिकेतला तक्ता खरा. पुस्तिका नसेल तर मॉडेल नंबर सांगून कंपनीच्या ग्राहक सेवेकडून मागवून घ्या.

कोड पुसण्यापूर्वी तीन गोष्टी टिपून ठेवा: नळ सोडल्यावर लगेच आला की पाणी गरम झाल्यावर आला, त्या वेळी शेगडी चालू होती का, आणि गेल्या दोन दिवसांत काय बदललं (सिलिंडर, टाकीची सफाई, नळाचं काम). पडदा नसलेल्या साध्या गिझरलाही हीच टिपणं उपयोगी पडतात. तिथे कोडच्या जागी कान वापरायचा.

५. 'ई-१': खिडकीतून बघा

गिझरच्या पुढच्या बाजूला बर्नर दिसावा म्हणून छोटी खिडकी असते. एकाने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने तोंड थोडं लांब ठेवून तिथून बघायचं. चारपैकी एक चित्र दिसेल.

टिकटिक अगदी मंद आहे किंवा थांबत थांबत येते. सेल गेले. दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना हा प्रकार नको. रिचार्जेबल सेलही नको, ते १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून २.४ होतात, आणि गिझरला ३ व्होल्ट लागतात. मल्टिमीटरवर एक सेल १.३ च्या खाली दाखवत असेल तर तो टॉर्चला ठेवा. सेलच्या डब्यातली पितळी पत्ती हिरवी-पांढरी झाली असेल तर पॉलिश पेपरने घासून चमकवा, नाहीतर नव्या सेलवरही तोच कोड येईल. डबा गिझरच्या तळाशी असल्याने वरून ठिबकणारं पाणी थेट त्यातच उतरतं, हे लक्षात ठेवा.

स्पार्क जोरात आहे पण ज्योत नाही. इथे बरेच जण फसतात. 'स्पार्क येतोय, म्हणजे सेल चांगले' असं धरून चालतात. स्पार्कला लागणारी ताकद आणि सोलेनॉइड उघडून धरायला लागणारी ताकद वेगळी. अर्धमेले सेल स्पार्क देतात पण गॅसची वाट उघडत नाहीत. म्हणून नवे सेल घालून एकदा बघाच. त्यानंतर गॅसकडे वळा. रेग्युलेटरची खुंटी पूर्ण फिरवली आहे का? नळी कुठे दुमडली आहे का? गिझरचा गॅसचा कॉक उघडा आहे का? सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते. तीन-चार वेळा प्रयत्न करावे लागतात, पण प्रत्येक दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर थांबा. सलग नळ उघड-बंद करत राहिलात तर न जळलेला गॅस आत साचतो आणि मग एकदम भक्क करून पेटतो.

एकाच सिलिंडरवर तिठा (दोन नळ्यांना गॅस वाटणारा जोड) लावून शेगडी आणि गिझर दोन्ही चालवणारी घरं पुष्कळ आहेत. सिलिंडर संपत आलेला, थंडीची सकाळ, शेगडीवर दोन्ही बर्नर चालू, आणि त्यात गिझर मागतो तासाला साधारण किलोभर गॅस. दाब पडतो आणि 'ई-१' येतो. शेगडी बंद करून गिझर पेटला तर गिझर निर्दोष आहे. अशा जोडणीत एक जोड वाढतो, गळतीची एक जागा वाढते, त्यामुळे गिझरला स्वतंत्र सिलिंडर आणि रेग्युलेटर असलेला बरा. नळीही तपासा. तारेची गुंफण असलेली नारिंगी सुरक्षा नळी हवी. तिच्यावर छापलेली तारीख बघा आणि ५ वर्षांनी ती बदला, वरून कितीही चांगली दिसली तरी.

ज्योत छान पेटते आणि काही सेकंदांत विझते. ही सेन्सर पिनची खूण. बर्नरवर दोन पिना असतात: जाड वायरची स्पार्कची आणि बारीक वायरची ज्योत ओळखणारी. दुसरीच्या टोकावर काळा किंवा पांढुरका थर बसतो आणि समोर ज्योत असूनही तिला ती कळत नाही. रेग्युलेटर बंद, सेल बाहेर, गिझर थंड, अशा स्थितीत पुढचं कव्हर काढून पिनचं टोक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. पिन वाकवू नका, तिच्या बुडाची पांढरी चिनी माती तडकवू नका. वायरची खोबण ढिली असेल तर दाबून बसवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि 'किट गेलंय' म्हणून बदललेल्या पुष्कळ गिझरांना खरं तर एवढंच हवं असतं.

उशिरा, आवाज करून पेटते किंवा ज्योत पिवळी आहे. बर्नरच्या नळ्यांत जाळं, धूळ किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घरटं असतं. उन्हाळ्यात दोन-तीन महिने गिझर बंद राहिला की ती हमखास तिथे घर करते. हवेची वाट अडली की गॅस नीट जळत नाही, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. निळी ज्योत चांगली. पिवळी ज्योत दिसली तर पेटतोय म्हणून वापरत राहू नका. बर्नर उतरवून साफ करणं हे माहितगार मेकॅनिकचं काम, कारण जेट परत बसवताना गळती राहू शकते.

६. कोड नाही, टिकटिकही नाही

इथे किटला कुणी जागंच केलेलं नसतं. गॅसकडे बघूच नका. सेल बदलून फरक पडला नाही तर प्रश्न पाण्याचा आहे.

बादली लावून मोजा. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून १० लिटरची बादली किती वेळात भरते? ६ लिटरच्या गिझरला साधारण १०० सेकंद लागायला हवेत. ४ मिनिटं लागत असतील तर मिनिटाला अडीच लिटरच येतंय, आणि तेवढ्यावर बरेच गिझर पेटतच नाहीत, किंवा पेटतात-विझतात.

पाणी कमी का येतं? सर्वांत आधी गिझरच्या पाणी आत येण्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बघा. टाकी धुतल्यावर किंवा नळाला गढूळ पाणी येऊन गेल्यावर त्यात वाळू अडकते. पाण्याचा कॉक बंद करून जोड सोडा, जाळी काढा, टूथब्रशने धुवा. तिथे काही नसेल तर शॉवरची चाळणी बघा. बोअरच्या पाण्याने तिची निम्मी भोकं पांढरी होऊन बुजलेली असतात. शॉवर काढून नुसत्या नळाने गिझर पेटला तर दोषी तोच.

मग टाकीची उंची. पाण्याच्या दर १ मीटर उंचीला ०.१ बार दाब मिळतो. टाकी शॉवरच्या वर जेमतेम दीड मीटर असेल तर दाब ०.१५ बार, आणि बऱ्याच गिझरना ०.२ ते ०.३ लागतो. कौलारू घरात माळ्यावर ठेवलेली ५०० लिटरची टाकी आणि अपार्टमेंटचा सगळ्यात वरचा मजला, दोन्हीकडे दुखणं एकच. पार्ट बदलून हे बरं होत नाही. टाकी उंच करा, बारीक पाइप बदला किंवा छोटा प्रेशर पंप बसवा. टाकी पूर्ण भरलेली असताना पेटतो आणि अर्धी झाली की पेटत नाही, ही याची पक्की खूण.

पाणी भरपूर असूनही आवाज नसेल तर डायफ्रॅमचं रबर फाटलेलं किंवा ताठ झालेलं असतं, पिन अडकलेली असते किंवा मायक्रोस्विच गेलेला असतो. रबर स्वस्त असतं. गिझरच्या खालच्या भोकातून पाणी ठिबकत असेल तर बहुधा तेच.

७. जास्त तापल्याचा कोड

पाणी गरम येतं, मग अगदी कढत होतं आणि गिझर बंद पडतो. हिशोब सोपा आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. ज्योत तेवढीच ठेवून पाणी ३ लिटरवर आणलंत तर तेच पाणी ५० अंशांनी तापू पाहतं. म्हणून 'जास्त गरम हवं' म्हणून नळ बारीक करणं हेच या कोडचं सगळ्यात साधं कारण. उन्हाळा-हिवाळ्याची खुंटी मार्चमध्येही हिवाळ्यावरच राहिली असेल तर तिनेही हेच होतं.

दोन्ही ठीक असेल तर तांब्याच्या कॉइलमध्ये आतून क्षार साचलेत. बोअरच्या पाण्यावर हे लवकर होतं. गिझरमधून पाणी उकळल्यासारखा खुळखुळ आवाज येतो, ती क्षाराची खूण. उपाय लिंबूसत्वाचा: लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा. गॅस बंद, सेल बाहेर, पाणी बंद, दोन्ही पाइप सुटे. खालच्या तोंडातून द्रावण कॉइलमध्ये भरा, तासभर ठेवा, फेस येणं थांबलं की काढा आणि स्वच्छ पाणी भरपूर वाहू द्या. हे संडास साफ करायच्या अॅसिडने करायचा मोह आवरा. ते क्षाराबरोबर तांबं आणि जोडाची झाळणही खातं.

जास्त तापल्याचा सेन्सर वायर जोडून बाद करणारे कारागीर भेटतात. गिझर लगेच चालू होतो, खरंय. असं कुणी करायला लागला तर तिथेच थांबवा.

८. खोट्या ज्योतीचा कोड

स्पार्क देण्याआधीच ज्योत आहे असं किटला वाटलं की हा कोड येतो. पावसाळ्यात बहुतेक वेळा सेन्सरच्या वायरवर ओल असते किंवा पिन बर्नरला टेकलेली असते. कव्हर काढून सुकू द्या.

पण एक शक्यता खरोखर धोक्याची आहे. नळ बंद केल्यावरही ज्योत चालूच राहत असेल तर आतलं पाणी उकळायला लागतं. ताबडतोब रेग्युलेटर बंद करा. नळ बंद करून रोज एकदा खिडकीत डोकावायची सवय लावा, दोन सेकंदांचं काम आहे. असा गिझर 'मी रेग्युलेटरने बंद करीन' म्हणत चालवू नका.

९. बाकीचे

वीस मिनिटांनी आपोआप बंद होणं हा बऱ्याच मॉडेलमध्ये बिघाड नाही, सुरक्षेचा टायमर आहे. नळ बंद करून पुन्हा सोडा. तापमानाच्या सेन्सरचा कोड आला तर त्याची खोबण काढून घट्ट बसवा. त्याने गेला नाही तर सेन्सर बदलायचा. सोलेनॉइडचा कोड नव्या सेलवरही राहिला तर घरी काही करण्यासारखं नाही.

१०. मेकॅनिक बोलावताना

फोनवर 'गिझर बंद आहे' म्हणू नका. मॉडेल नंबर, कोड, कधी येतो, सेल नवे घातलेत, बादली इतक्या वेळात भरते, एवढं सांगा. म्हणजे तो योग्य पार्ट घेऊनच येतो, आणि तुम्ही आंधळे गिऱ्हाईक नाही हेही त्याला कळतं. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. किट बदलायचं म्हणाला तर आधी सेन्सर पिन घासून दाखवा म्हणा. काम झाल्यावर त्याच्यासमोरच प्रत्येक गॅसच्या जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर तो घट्ट करूनच जाऊ द्या. काडी ओढून गळती बघणारा असेल तर पुन्हा बोलावू नका.

११. पुराचं पाणी लागलं असेल तर

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यांवर पाणी शिरलं होतं. पाणी वाढायला लागलं आणि घर सोडायची वेळ आली तर रेग्युलेटर काढा, सिलिंडरला टोपण लावा आणि गिझरचे सेल काढून खिशात टाका.

पाण्यात बुडालेला गिझर वाळला म्हणून पेटवू नका. बर्नरच्या नळ्यांत, गॅसच्या वाटेत आणि मायक्रोस्विचमध्ये गाळ असतो. बुडालेला रेग्युलेटरही परत लावू नका, एजन्सीकडून बदलून घ्या. नळी फेकून द्या. गिझर पूर्ण उघडून साफ झाल्यावरच लावा.

घर कोरडं राहिलं तरी उपसा केंद्र पाण्याखाली गेल्यावर नळाचं पाणी काही दिवस बंद असतं, आणि परत येतं तेव्हा सुरुवातीला हवा आणि गाळ घेऊन येतं. पहिलं पाणी गिझरमधून घेऊ नका. आधी साधा नळ सोडून पाणी स्वच्छ होऊ द्या, मग गिझरची जाळी धुवा, रेग्युलेटर बंद ठेवूनच गरम पाण्याचा नळ दोन मिनिटं वाहू द्या म्हणजे अडकलेली हवा निघेल. त्यानंतर सेल घाला, रेग्युलेटर चालू करा आणि खिडकीतून बघत पहिल्यांदा पेटवा.